वेंगुर्ला रोड

सुळग्याच्या स्टॉपवर मैलाचा दगड आहे.
एका अंगाला कन्नडात, एका अंगाला इंग्रजीत
वेंगुर्ला, आणि पुढं एक आकडा,
त्यातला पहिला एक तेवढा शिल्लक.
त्या दगडावर डबा टेकवून
एकोणीस वर्षं बसची वाट बघितलो मी.
रोज जातो. शिनोळीपर्यंत.
काजू सोलायला.
रस्ता पुढं जातो, मी उतरतो.

औंदा चौघींनी ठरवलं.
मी, निंगव्वा, तानूबाई, आणि जुबेदा,
जिचं माहेर हुक्केरी आणि हिशोब पक्का.
वाट तिनंच काढली:
बाचीपर्यंत कर्नाटकाची बस, बायकांना फुकट.
तिथं उतरायचं, चालत हद्द ओलांडायची,
शिनोळीला महाराष्ट्राची धरायची, अर्धं तिकीट.
"सरकारं दोन आहेत तर
दोघांचंही खाऊ की," म्हणाली.

यादी निंगव्वाच्या पोरीनं लिहिली
काजूच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर.
दशम्या. शेंगाची चटणी. लोणचं नको, सांडतंय.
आधार कार्ड, झेरॉक्स नव्हे.
ओकारीची गोळी, आंबोलीच्या वळणांसाठी.
साडी एक जादा, कारण भिजणार.
किती भिजणार, यावर
दुपारची सुट्टी सगळी गेली.
तानूबाई म्हणाली, घोट्यापर्यंत.
जुबेदा म्हणाली, एवढं लांब जाऊन घोटा?

नवरा ट्रकवर होता तेव्हा
रत्नागिरी, मंगळूर, सगळं बघून आलाय.
"काय असतंय तिथं?" विचारलो.
जेवता जेवता म्हणाला, "पाणी."
मग बऱ्याच उशिरानं, हात धुताना,
"आवाज करतंय. रात्री झोप लागत नाही."

आणि बोलायचा सराव.
तिकडं "मी जातो" म्हणालो की हसतात म्हणे,
बाई असून पुरुषासारखं.
म्हणून काजू फोडता फोडता
तोंडात घोळवलं आम्ही: जाते, येते, खाते.
निंगव्वाला तर मराठीच उसनं.
ती म्हणाली, "मी गप्प राहते."
चौघीत तिचंच बरोबर आलं.

तिची पोर सहावीत.
तिनं रिकामी बाटली दिली, झाकणाला धागा बांधून.
भरून आणायची.
शाळेतल्या बाईंनी सांगितलंय,
एक लिटर आटवायचं आणि मीठ तोलायचं.
"काठावरचं नको, गढूळ असतंय.
थोडं आत जाऊन घे."
म्हणजे घोट्याचा प्रश्न मिटला.

शनिवारी संध्याकाळी बातमी.
कुठंतरी कुणीतरी बसच्या पाटीला काळं फासलं,
इकडच्यांनी तिकडच्या, का उलटं,
टीव्हीत दोन्ही दाखवत होते.
गाड्या बंद. हद्दीपर्यंत पण नाहीत.
जुबेदाचा फोन आला, नुसताच "आता?"
निंगव्वा स्वतः आली,
पायरीवर बसली, काही बोलली नाही.
मी माझे हात बघत होतो.
टरफलाचं तेल जात नाही,
राख लावा, लिंबू चोळा,
बोटं काळी ती काळीच.
तिनं तिचे पदरात घेतले.

दशम्या दोन दिवस टिकतात.
दुधात मळल्यात, तीन सुद्धा.
पिशवी खुंटीला आहे.
शिनोळी इथनं पायी दोन तास,
बंद असला की तसंच जातो आम्ही कामाला.
पुढं काजूचे टेम्पो असतात, सावंतवाडीकडचे,
एका ड्रायव्हरला तानूबाई ओळखते,
निदान ओळखते म्हणते.
जुबेदाला अजून काही कळवलो नाही.
साडेचारचा गजर तसाच ठेवलाय.
बाटली तेवढी
पिशवीतनं काढून परत एकदा धुतलो,
गोडेतेलाचा वास येत होता.